बदलीची भाकर

माय,

सकाळपासून मी युनिफॉर्म चढवून फोनसमोरच्या खुर्चीत बसलो आहे. पांढरा शर्ट, काळा टाय, खांद्यावर पट्ट्या, पॉलिश केलेले बूट, मांडीवर टोपी. डबा पायाशी आहे, तू दिलेलाच. कुणी खिडकीतून डोकावलं तर म्हणेल, साहेब निघालेच विमान उडवायला. साहेब कुठेही निघालेले नाहीत. दिवाळीपासून साहेब हे असेच सजून बसतात आणि दिवस मावळला की कपडे हँगरला लावतात. आमच्या कंपनीत याला स्टँडबाय म्हणतात. ज्याची ड्यूटी आहे तो वैमानिक ऐन वेळी आजारी पडला तर याला बोलवायचं, नाही पडला तर याने घरी बसायचं. तुमच्या मिलमध्ये यालाच बदली म्हणायचे. एवढं शिकून, एवढ्या उंचावर जाऊन मी शेवटी तुझ्याच रांगेत येऊन उभा राहिलो, हे तुला सांगावंसं वाटलं. तुला वाचता येत नव्हतं, आणि तू जाऊनही आता बरीच वर्षं झाली, तेव्हा हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही. खरं सांगायचं तर हात मोकळा राहिला की तो फोनकडे जातो, रिसीव्हर उचलून लाइन चालू आहे का बघतो, आणि नेमका त्याच वेळी फोन आला तर, म्हणून घाबरून खाली ठेवतो. त्या हाताला काहीतरी काम हवं होतं.

बदलीवाल्या बायांची रांग मला अजून दिसते. पहिला भोंगा व्हायच्या आत तू मिलच्या फाटकाशी पोचलेली असायचीस. ज्यांची नोकरी पक्की त्या बाया आत जाऊन सुताच्या खात्यात आपापल्या जागेवर बसायच्या. मग मुकादम बाहेर यायचा आणि आत जेवढ्या जागा रिकाम्या असतील तेवढ्या बायांकडे बोट दाखवायचा. तू ये, तू ये, तू ये. बाकीच्यांना म्हणायचा, पाहू उद्या. बाकीच्या पदर सारखा करून परत फिरायच्या. डबा मात्र प्रत्येकीचा भरलेला, कारण डबा नाही नेला तर काम लागणार कसं? आणि काम लागलं नाही म्हणून घरी येऊन तो लगेच खायचाही नाही, हा तुम्हा बायांचा कायदा होता. दुपारच्या सुट्टीचा भोंगा झाला की मगच झाकण काढायचं. त्याच्या आधी घरात डबा उघडला की उद्याचंही काम जातं, असं तुम्ही सगळ्या मानत होता. तू परत आलीस की मिलचं लुगडं न बदलता दाराशी बसायचीस, डबा पायाशी घेऊन. बाबा गेल्यानंतरची ती वर्षं. मी म्हणायचो, "माय, खाऊन घे ना." तू म्हणायचीस, "मिलचा डब्बा हाये तो. मिलच्या टायमालेच उघडन."

मोठा झाल्यावर मला त्यातली अक्कल कळली. दुपारून कधी एखादी बाई चक्कर येऊन पडायची, आणि मुकादम वस्तीत माणूस धाडायचा. अशा वेळी जी केस बांधून, डबा घेऊन तयार असेल तीच धावत जायची. जिने लुगडं बदललं, जेवून अंग टाकलं, तिचा दिवस गेला. आज मी बूट काढत नाही तो त्याच हिशोबानं. पण हे माझ्या बायकोला कसं सांगणार? ती अमरावतीच्या मास्तरांची मुलगी, तिनं भोंग्याचा उपयोग फक्त घड्याळ लावायला केला. ती रोज म्हणते, "अहो, घरीच हाये तं गरम खा ना. डब्यातलं थंडं काहून खाऊन राहिले?" मी म्हणतो, सवय आहे. ती म्हणते, "आन् बूट तं काढा. फोन काय बूट पाहून येते?" मी हसतो. पण बूट काढत नाही, आणि वारा मिलच्या बाजूनं असेल तर भोंग्याकडे कान लावून बसतो.

झालं काय ते सांगतो. माझं सगळं आयुष्य गेलं डाकोटा विमानांवर. दोन पंख्यांची, लढाईच्या काळातली जुनी विमानं. तू पाहिलं होतंस ना एक, सोनेगावच्या विमानतळावर. देशाच्या मधोमध आपलं नागपूर, म्हणून चारी दिशांचं टपाल रात्रीतून इथे यायचं, इथून अदलाबदल होऊन जायचं. ती पोती वाहता वाहता माझे केस पिकायला लागले. आता कंपनी डाकोटा विकायला निघाली आहे आणि टपालाचाही नेम राहिलेला नाही. नवी विमानं आली आहेत. त्यांचं शिक्षण वेगळं, ते हैदराबादला मिळतं. ज्याला हैदराबादला पाठवलं तो राहिला. ज्याला नाही पाठवलं त्यानं समजून घ्यायचं. मुंबईहून मोठे साहेब आले, एकेकाला खोलीत बोलावून चहा पाजला आणि सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा नागपूरच्या वाट्याची एकच जागा उरली होती, आणि ती माझ्याहून सीनियर असलेल्या माझ्या मित्राला मिळाली होती. मला म्हणाले, "तुम्ही उन्हाळ्यापर्यंत स्टँडबायवर राहा. पुढे पाहू." चहा चांगला होता. पण "पाहू" ऐकल्यावर मी अर्धा कप तसाच खाली ठेवला, आणि साहेबांनी मोठ्या सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिलं.

तेव्हापासून मला वरून जाणारं प्रत्येक विमान ऐकू येतं. पूर्वी घरी असलो की ऐकूच यायचं नाही. आता जेवताना घास थांबतो. हा उतरतोय, याला उशीर झाला, याचा डावा पंखा जरा बेसूर आहे. बायको म्हणते, लक्ष कुठे आहे. लक्ष वर आहे. माणूस चाळिशी ओलांडून गेलेला आणि त्याला डाकोटा चालवण्याशिवाय दुसरं काहीही येत नाही, हे तुझ्या लक्षात येतंय ना? स्कूटर येत नाही धड. बायको मागे बसायला घाबरते, म्हणते तुम्ही वळण फार मोठं घेता. सीताबर्डीत एका ओळखीच्या माणसाचं कापडाचं दुकान आहे, त्यानं मस्करीत म्हटलं, या बसायला गल्ल्यावर. तो हसत होता. मी घरी येईपर्यंत खरोखर विचार करत होतो की पट्ट्यांच्या शर्टावरच बसायचं की साध्या. पोरीला शाळेत विचारलं, बाबा काय करतात, तर ती म्हणाली, पायलट आहेत, घरी असतात. हे तिनं मला कौतुकानं सांगितलं.

तुझा प्रश्न एकच असायचा. मॅट्रिकनंतर मी फ्लाइंग क्लबच्या स्टोअरमध्ये लागलो तेव्हाही, आणि तिथल्याच लोकांच्या मेहरबानीनं, सरकारी शिष्यवृत्तीवर उडायला शिकून कंपनीत आलो तेव्हाही. पगार किती हे तू विचारलं नाहीस. विमान पडलं तर काय, हेही नाही. "पक्की हाये का नोकरी? बदलीवर तं नाई ना घेतलं तुले?" मी म्हणालो, पक्की आहे माय. तुझा विश्वास बसेना, म्हणून मी तुला सोनेगावला घेऊन गेलो. तू ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली होतीस. विमानाला हात लावून पाहिलास, मग चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलंस, "याचा भोंगा कुठी हाये?" मी सांगितलं, इथे भोंगा नसतो. तुला ते पटलं नाही. भोंगा नाही ते काम कसलं. मग मी तुला पुढच्या दोन खुर्च्या दाखवल्या. डावीकडे कॅप्टन बसतो, उजवीकडे मी. कॅप्टनला काही झालं तर मी चालवायचं. तू बराच वेळ त्या उजव्या खुर्चीकडे पाहिलंस आणि हळूच म्हणालीस, "म्हंजे तू त्याचा बदली."

मी तेव्हा रागावलो होतो. आठवडाभर सगळ्यांना ही गोष्ट सांगून हसलो, पण रागावलो होतो. तू मात्र त्याच आठवड्यात इतवारीच्या बाजारातून हा पितळी डबा आणलास, तीन पुडाचा, कडीचा. मला म्हणालीस, "मिलच्या बायांचा डब्बा अल्मुनियमचा राह्यते. पक्क्या नोकरीवाल्याले पितळी पाह्यजे." म्हणजे तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचं ठरवलं होतंस. मी डाव्या खुर्चीत बसलो ते तू गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. तुला ते कळलंच नाही. तुझ्या लेखी मी बदलीवालाच राहिलो, आणि आता वाटतं, तुझंच बरोबर होतं, मधली वर्षं मीच उगाच टेचात होतो.

आता आपल्या शेजारच्या मावशीची गोष्ट, जिच्यासाठी खरं म्हणजे मी हा कागद घेतला. तिची जागा खात्यात पक्की होती. एका हिवाळ्यात तिला मुदतीचा ताप आला आणि मुकादमानं तिच्या जागी तुला बसवलं. रोज. सुट्टीच्या दिवसाशिवाय खाडा नाही. आपल्या घरात तुरीच्या दाण्यांची भाजी झाली, गुळाचा खडा आला, तू कामावरून येताना चालायचीस तेसुद्धा वेगळं. मी चुलीपाशी बसलो होतो, तू भाकर थापत होतीस. मी म्हणालो, "बरं झालं मावशी बिमार पडली." पुढचं वाक्य तोंडात होतं तोवर तुझा हात माझ्या गालावर बसला. पिठाचा हात. तू मला त्याआधी कधी मारलं नव्हतंस. मग तव्यावरची भाकर उलटवत, माझ्याकडे न पाहता तू म्हणालीस, "दुसऱ्याच्या तापावर आपली भाकर शेकली ना, तं ते भाकर खायची. पोट हाये, खा लागते. पन गोड लागली म्हनायचं नाई."

त्या दिवसानंतर मी नीट पाहायला लागलो. तू दुपारी डब्यातली एक भाकर खायचीस आणि एक तशीच परत आणायचीस, मावशीच्या घरी नेऊन द्यायचीस. जिच्या जागेवर बसली तिच्या नावाची भाकर, हाही तुमचा बदलीवाल्यांचा कायदा. ती भाकर उंबऱ्याशी ठेवायचीस आणि विचारायचीस ते काय, तर पाणी आलं का नळाला, पोरं शाळेत गेली का. कशी हायेस, हे कधीच नाही. मी विचारलं तर म्हणालीस, "बदलीवालीनं कोनाले तब्येत पुसू नाई. तिले वाटंन, हे वाट पाहून राह्यली." फाल्गुनात मावशी बरी झाली आणि कामावर गेली. तू तिला फाटकाशी म्हणालीस, "ये बाई, गरम ठेवली तुही जागा." आणि घरी येऊन दाराशी बसलीस, डबा पायाशी घेऊन, भोंग्याची वाट पाहत. तुझ्या चेहऱ्याकडे मी तेव्हा खूप वेळ पाहिलं. तुला आनंद झाला होता की नाही, हे मला काही त्यावरून वाचता आलं नाही.

तर माझा हा मित्र. दोन गल्ल्या पलीकडे राहतो. मोठ्यानं हसणारा माणूस, महाल भागातला, आम्ही दोघांनी एकाच खोलीत कितीतरी उन्हाळे काढले आहेत. हैदराबादची जागा मिळाल्यावर तो मला टाळायला लागला, आणि मला ते बरंच वाटलं. तीन आठवड्यांपूर्वी त्याला सर्दी झाली. सर्दी असताना उडू नये हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल, पण अशा दिवसांत सुट्टी मागायला कोण धजतं? साहेबांना वाटायचं, हा दुखणेकरी दिसतो. तो गेला. उतरताना कानात कळ आली, आणि खाली आला तेव्हा कानातून रक्त येत होतं. पडदा फाटला. त्याच्या फेऱ्या कंपनीनं रद्दच केल्या, मला काही बोलावलं नाही. मुंबईच्या डॉक्टरांकडे जाऊन तो परवा परत आला आहे. निकाल आज कळायचा. कान बरा होण्यासारखा असेल तर हैदराबादला तो, नाहीतर मी.

काल मी त्याच्याकडे गेलो होतो. वहिनींनी चहा केला. तो कानात कापूस घालून बसला होता, बोलताना मान वळवून चांगला कान माझ्याकडे करत होता. मी थंडीबद्दल बोललो. संत्र्याच्या भावाबद्दल बोललो. नळाला पाणी किती वाजता येतं तेसुद्धा विचारलं मी, माय. वहिनी शेवटी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही यांना कानाचं काही विचारलंच नाही." मी कप उचलून तोंडाला लावला. तो मात्र हसला, नेहमीसारखा मोठ्यानं, मग कळ आली म्हणून थांबला आणि म्हणाला, "अवं, तो नाई विचारणार. त्याच्या जागी मी असतो तं मी बी विचारलं नसतं." त्याच्या दोन्ही मुली आतल्या खोलीत पाढे म्हणत होत्या. परत येताना मी रस्ताभर मनात म्हणत होतो, कान बरा होऊ दे त्याचा, कान बरा होऊ दे. इतक्या वेळा म्हणत होतो की मलाच संशय आला.

इथवर लिहिलं आणि फोन आला. आता पुन्हा बसलो आहे, अक्षर बिघडलं असलं तर चालवून घे.

फोन आपल्या इथल्याच साहेबांचा होता. ते म्हणाले, "त्यांना डॉक्टरांनी कायमचं अनफिट केलं. हैदराबादला तुम्ही जायचं आहे. सोमवारी." मी म्हणालो, "होय सर." मग विचारायचं म्हणून विचारलं, "त्यांना कळवलं?" ते म्हणाले, "आत्ताच. तुमच्या आधी." रिसीव्हर ठेवला तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात लाटणं. मी सांगितलं. तिनं डोळ्यांना पदर लावला, लाटणं तसंच हातात, आणि म्हणाली, "बरं झालं. बाई, बरं झालं." माय, माझा हात जागचा हलला नाही. ती म्हणाली नसती तर मीच म्हणालो असतो. शब्द जिभेवर आलेला होता. ती देवापुढे साखर ठेवायला गेली आणि मी इथे बसून राहिलो, टोपी मांडीवर. इतक्या दिवसांची भीती सुटली. आणि त्याच मिनिटाला दुसरी भीती येऊन बसली, की सोमवारपर्यंत मला सर्दी झाली तर? मी उठून खिडकी लावून घेतली. आता हे असंच राहणार, हे मला कळून चुकलं आहे. डावी खुर्ची असो की उजवी, मागे कुणीतरी बूट चढवून फोनपाशी बसलेला असणार आणि माझी तब्येत विचारणार नाही.

थोड्या वेळानं भोंगा झाला. वारा मिलकडूनच होता, नीट ऐकू आला. बायको म्हणाली, "आज तरी ताटात वाढून घ्या, सोमवारी जायचं हाये, गरम करते." मी नाही म्हटलं. डबा उघडला. दोन भाकरी होत्या, आणि तुरीच्या दाण्यांची भाजी, हिवाळाच आहे ना. एक भाकर बाजूला काढून पुन्हा डब्यात ठेवली आणि कडी लावली. ही त्याच्या नावाची. ऊन उतरलं की घेऊन जाणार आहे. आता मला तब्येत विचारायला हरकत नाही, आता मी कशाची वाट पाहत नाही. तरी पहिलं वाक्य काय म्हणायचं ते ठरत नाही. नळाचं पाणी तर काल विचारून झालं.

डबा त्याच्या घरी उघडेल, तो कागद पाहील, म्हणून हे पत्र डब्यात घालणार नाही. इथेच कुठेतरी फोनखाली ठेवीन. पण एक गोष्ट तुला सांगितल्याशिवाय उठता येत नाही. दुसरी भाकर मी इथे बसून खाल्ली, बूट न काढता, शेवटच्या तुकड्यापर्यंत. थंड होती, कडा वाळल्या होत्या. तू सांगितलं होतंस ते मला खाताना सबंध वेळ आठवत होतं. गोड लागली, माय.